गुळाच्या काहिलीतले मासे

नदीत कुत्रा असतो असं मी म्हणालो की ऐकणारा आधी हसतो आणि मग माझ्या शिक्षणाची चौकशी करतो. मुळेच्या काठच्या गावांत मात्र हे सांगावं लागत नाही. वीतभर ते हातभर लांब, काठीसारखा सरळ, हिरवट चंदेरी अंगाचा हा मासा. दोन्ही जबडे चोचीसारखे पुढे निघालेले आणि त्यांत सुईसारख्या बारीक दातांच्या रांगा. झडप घालून चावतो म्हणून कोणी तरी त्याला कुत्रा म्हटलं असेल. मला ते नाव कधी पटलं नाही. कुत्रा भुंकतो, धावतो, शेपूट हलवतो. हा मासा संथ पाण्याच्या अगदी वरच्या थरात गप्प उभा राहतो. वाळकी काटकी तरंगते आहे असं वाटावं इतका स्थिर. जवळून एखादी चिंगळी किंवा पिल्लू गेलं की काटकी वळते, मान आडवी टाकून भक्ष्य पकडते, ते सरळ करून गिळते आणि पुन्हा काटकी होते. इतकं नेमकं काम करणारा दुसरा प्राणी मी आमच्या खात्यातही पाहिलेला नाही.

मी मत्स्यव्यवसाय खात्यात फिरतीवर असतो. असे लेख निवृत्त माणसांनी लिहायचे असतात हे मला माहीत आहे. माझे केस काळे आहेत आणि पेन्शन फार लांब आहे. पण दुष्काळाच्या वर्षी जे पाहिलं ते तोवर पोटात ठेवणं माझ्या स्वभावात नाही. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. आमच्या घरात पुस्तकं विकत येत नसत, पत्रकं फुकट येत. गिरणीवाल्यांची, विडी कामगारांची, धरणात जमीन गेलेल्यांची. गुलाबी कागदावरची, पिवळ्या कागदावरची. मी अक्षरं त्यांच्यावर गिरवली. म्हणून मी काहीही लिहायला बसलो की शेवटी मागण्या येतात. या लेखातही एक येईल, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आमचं काम बाहेरच्या माणसाला थोडक्यात सांगतो. रोहू, कटला, मृगळ हे मोठे होणारे, बाजारात खपणारे मासे. त्यांची अगदी कोवळी पिल्लं जिऱ्याच्या दाण्याएवढी असतात, म्हणून त्यांना मत्स्यजिरे म्हणतात. ती पावसाळ्यात येतात. त्यांना एकदम धरणात सोडलं तर दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. म्हणून आधी एखाद्या लहान तळ्यात ठेवून बोटाएवढी वाढवायची आणि मग धरणात सोडायची. त्या लहान तळ्यात दुसरा मासा असता कामा नये. असेल तर मोहाची पेंड टाकायची. पेंडीच्या विषाने तळ्यातले सगळे मासे तरंगायला लागतात. तीनेक आठवड्यांत विष उतरतं आणि तळं पिल्लांसाठी तयार होतं. ज्यांना असं मारायचं त्या माशांना खात्याच्या भाषेत ‘हिंस्र आणि निरुपयोगी’ म्हणतात. कुत्रा त्यांत पहिल्या पंक्तीला.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची भेटतात. केडगावच्या एका बागायतदाराने विहिरीत सोडायला मासे मागितले. ते विहीर साफ ठेवणारे हवेत, पोहणाऱ्या पोरांना न चावणारे हवेत आणि चोरून पाणी घेणाऱ्या शेजाऱ्याला चावणारे हवेत. मी म्हणालो, असा मासा निघाला की आधी आमच्या कचेरीत ठेवून घेऊ. श्रीरामपूरकडच्या एका गृहस्थांनी तळ्यात पिल्लं सोडल्यावर रोज सकाळी त्यांना शेवेचा चिवडा घातला आणि पाण्यावर तेलाचा तवंग आल्यावर खात्याकडे तक्रार केली. या लोकांवर मला कधी राग आला नाही. मासा हे न दिसणारं जनावर आहे. त्याच्याबद्दल माणूस काहीही समजून घेऊ शकतो. मीही समजून घेतलं होतं.

पारनेर तालुक्याच्या उत्तरेला मुळेच्या काठी एक गाव आहे. गावाखाली नदी वळते, तिथे आसरांचा डोह. काठावर या जलदेवतांचे शेंदूर लावलेले सात दगड. डोहाच्या एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला उथळ वाळू आणि पाणगवताचा पट्टा. दुष्काळ पडायच्या आदल्या हिवाळ्यात मी तिथे पहिल्यांदा गेलो, तेव्हा गवताच्या पट्ट्याशी पाच-सहा बाया गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. हातात बांबूची काठी, काठीला दोरा, आणि दोऱ्याच्या टोकाला गळाच्या जागी लाल रेशमाचा झुबका. तो झुबका त्या पाण्यावरून हलके ओढत. एकदम पाणी फुटायचं, काठी वाकायची आणि झुबक्याला लोंबकळत एक कुत्रा वर यायचा. त्याचे बारीक दात रेशमात अडकलेले. जबडा हाडासारखा टणक असल्यामुळे त्यात गळ रुतत नाही, रेशीम मात्र सुटत नाही.

त्या बायांमध्ये पुढे होती ती सोनामामी. भोई आळीतल्या गेनू भोयाची बायको. गेनूमामा स्वतः खडकावर जाळं विणत बसले होते.

“काय मामी, रेशीम कुठून आणता?” मी विचारलं.

“खनाच्या चोळीचा काठ उसवायचा. माज्या लग्नातली हाय ही.”

“आता काय ऱ्हायलंय तिच्यात,” गेनूमामा खडकावरून म्हणाले. “निम्मी चोळी माशांनी खाल्ली. नवऱ्याला कवा घालून दाखवली न्हाई.”

“दाखवली आस्ती, पर तुमी जाळ्यातून डोकं वर काढाल तवा.”

बाया हसल्या. गेनूमामांनी मला जवळ बोलावलं. “फिशरीवाले ना तुमी? बसा. ही काय मासेमारी न्हाई बरं का, ह्यो बायांचा खेळ. मासेमारी आमची. जाळं टाकलं की आख्खा डोह वर.”

“म्हनून तर सांजच्याला मोकळं येता,” मामी म्हणाली.

खेळ म्हणत असले तरी त्या खेळाची किंमत भोई आळीत सगळ्यांना ठाऊक होती. होडी पुरुषांची, जाळं पुरुषांचं, परवाना मच्छीमार संस्थेच्या नावावर. रेशमाच्या झुबक्याला यांतलं काहीच लागत नाही. बाजारच्या दिवशी या बाया ओल्या फडक्यात कुत्रे गुंडाळून पारनेरला नेत आणि त्या पैशांवर नवऱ्याचा हात नसे. सोनामामीच्या धाकट्या मुलीची शाळा त्यातून चालत होती.

मग पावसाने दडी मारली आणि दुष्काळ आला. त्याबद्दल मी वेगळं लिहीत नाही, ज्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली त्यांनी लिहावं. नदीचं सांगतो. पुढच्या उन्हाळ्यात मुळा म्हणजे वाळूत मांडलेली डबकी झाली. खालचे डोह आटले. वरच्या डोहात कोणी तरी सुरुंगाची दारू टाकली. नाल्याच्या बांधाच्या कामावर ती सहज मिळे. एका धमाक्यात मासे, बेडूक, कासवं सगळं पालथं पडलं. राहिला आसरांचा डोह. तोही निम्म्यावर आलेला. तेव्हा तालुक्याहून हुकूम आला की डोहावर इंजिन बसवून उरलेलं पाणी खडीच्या कामावरच्या माणसांसाठी टँकरने न्यायचं.

या हुकमाविरुद्ध कोणी एक शब्द काढला नाही. मीही काढला नाही, आज लिहितानाही काढत नाही. कामावर तान्ही मुलं घेतलेल्या बाया होत्या. मी खात्याचा माणूस म्हणून गेलो ते इंजिन सुरू होण्याआधी डोहातले रोहू, कटला पकडून धरणात न्यायला. बाकीचे मासे गावाने काढून विकावेत, असं वरून सांगितलं होतं.

मोठे मासे डब्यांतून रवाना झाले. सोनामामी काठावर उभी होती.

“आन कुत्रं?” तिने विचारलं.

“ते विका ना मामी. कोणी अडवणार नाही.”

“इकते. मंग फुडल्या वर्साला काय इकू?”

मी म्हणालो, पाऊस पडला की सरकार नवे मासे सोडणार आहे, कटला, रोहू, पाच-पाच शेराचे.

“कटल्याला जाळं लागतं. जाळ्याला होडी लागती. होडीला परवाना लागतो. माज्याकडं रेशीम हाय.”

“धरणातून येतील की कुत्रे वर.”

गेनूमामा मध्ये पडले. “धरनाच्या काठाला गवत हाय का? पानी रोज मागं सरतंय. नुसता चिखुल. तितं ह्यो मासा अंडी कुठं घालनार?”

हे मीही वाचलेलं होतं. कुत्र्याच्या अंड्यांना केसांसारखे धागे असतात आणि त्या धाग्यांनी ती पाणगवताला धरून राहतात. संथ पाणी, स्वच्छ पाणी आणि काठाला गवत, एवढ्या तीन गोष्टी या माशाला हव्या असतात. आसरांच्या डोहात त्या होत्या. त्या सगळ्या टापूत नदीला आणखी कुठे राहिल्या असतील असं मला वाटत नव्हतं. डोह गेला की तिथला कुत्रा जाणार आणि कुत्र्याबरोबर भोई आळीतल्या बायांची स्वतःची कमाई जाणार.

हिंस्र आणि निरुपयोगी. हे दोन शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण माशांबद्दल नव्हे. आमच्या घरच्या गुलाबी पत्रकांत जे मोर्चाला निघत, त्यांना दुसऱ्या बाजूची पत्रकं हेच म्हणत. मला एकदम राग आला. कोणावर, ते नीट कळलं नाही. मी म्हणालो, “कुत्रे न्यायचे. जिवंत न्यायचे.”

“कुठं?” मामी म्हणाली.

जागा होती. गावाच्या वरच्या अंगाला तात्या नावाच्या बागायतदाराच्या मळ्यालगत दगडाची जुनी खाण होती. तिच्या तळाशी झरा होता आणि पाणी कंबरभर राहायचं. ते नितळ, पण इतकं मचूळ की माणूस पीत नसे, गुरंही तोंड फिरवत. काठाला गवत होतं. तात्यांनी ती खाण खात्याला मत्स्यजिरे वाढवायला दिलेली होती. म्हणजे जिथे मला कुत्रा मारायचा होता, तिथेच मी तो नेणार होतो. पावसाळ्यात पिल्लं येतील तोवर नदी आलेली असेल, असा हिशेब मी मनाशी केला.

“न्हेतो मी,” गेनूमामा म्हणाले. “नदीतला मानूस हाय. मासं कसं न्ह्यायचं ते मला कुनी शिकवू नगा.”

त्यांनी जाळं टाकलं, पहिल्या खेपेचे कुत्रे वर काढले आणि पितळी घागरींत भरले. घागरी डोक्यावर घेऊन माणसं खाणीकडे निघाली. चूक इतकी साधी होती की ती भोई माणसाकडूनच व्हावी. मरळ, वाम, खेकडे, सगळं त्यांनी जन्मभर घागरीतून जिवंत नेलेलं होतं. पण तो सरळ मासा आणि ती गोल घागर. कुत्र्याला वळायला जागा मिळेना. तो आतल्या आत धडका देत राहिला. खाणीवर घागरी उपड्या केल्या तेव्हा बहुतेक मासे पाण्यावर आडवे पडले. जे पोहत होते त्यांच्याही चोची मोडलेल्या होत्या.

मामीने एक उचलून पाहिला. “चोच मोडली की धरता येत न्हाई. पान्यात राहून उपाशी मरतंय.”

गेनूमामा काठावर बसले.  मग त्यांनीच घागर पायाने ढकलली. “हिला काय कळतंय मासं. ह्या माशाला पसरट पायजे काय तरी. परात.”

“परातीत तळहाताएवढं पानी बसंल,” मामी म्हणाली.

“मंग मोठी परात.”

सगळ्यांच्या नजरा खाणीवरून तात्यांच्या गुऱ्हाळाकडे गेल्या. ऊस नव्हता म्हणून गुऱ्हाळ बंद होतं. ज्या लोखंडी काहिलीत उसाचा रस आटवून गूळ करायचा, ती काहील भिंतीला टेकून उभी होती. चार माणसं आत बसतील एवढी.

तात्या म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. उंच, मोठा पांढरा फेटा, आणि घरात मासे शिजत नसल्याचा अभिमान. आम्ही विचारताच त्यांनी तपकीर ओढली.

“काहिलीत मासं? आरं गूळ शिजतो तिच्यात.”

“शिजवायचं कुठं म्हनतोय तात्या,” मामी पदर सावरत म्हणाली. “जितं न्ह्यायचं हाय.”

“आन गुळाला वास लागला म्हंजी?”

“गुळाला ऊस लागतो आधी. तो कुठंय?” गेनूमामा म्हणाले.

तात्या माझ्याकडे वळले. “तुमी सांगा साहेब. ही कुत्री जगवायची, आन उद्या तुमचीच पिल्लं ती खानार. ह्याला सरकारी काम म्हनत्यात का?”

“नाही म्हणत,” मी म्हणालो.

“मग न्ह्या,” तात्या म्हणाले. “पर परत देताना आधी चिंचंनं घासायची, मग राखंनं.”

सकाळी उन्हं कोवळी असताना बाया डोहात उतरल्या. जाळं नाही, एकेक मासा रेशमाने. मी ते काम पुन्हा कधी पाहीन की नाही, सांगता येत नाही. झुबका पाण्याला लागतो न लागतो, काटकी वळते, दात अडकतात. मग मासा पाण्याबाहेर न काढता ओल्या फडक्यात घ्यायचा, चोच दोन बोटांत हलकेच धरायची आणि बाभळीच्या काट्याने दातांतून रेशमाचा एकेक पदर सोडवायचा. बाया एरवी एकमेकींना टोमणे मारत मासे धरत. त्या दिवशी काट्यावरून नजर हलत नव्हती. गाडीवर काहील, काहिलीत डोहाचंच पाणी, पाण्यावर पाणगवताची जाड गादी. गवताची कल्पना मामीची होती. गवत डोक्यावर आलं की मासे त्याच्याखाली काटक्यांसारखे एका दिशेला तोंड करून उभे राहिले. वरून ओली गोणपाटं, कारण हा मासा बिचकला की हातभर उंच उडतो.

गेनूमामा बैलांच्या पुढे उलट्या पावलांनी चालत होते, एक हात जूवर ठेवून. वाटेत खडीच्या कामावरचा एक जण ओरडला, “मामा, नवरी कुठली?”

“मुळंची,” गेनूमामा म्हणाले. “हळू बोल, लाजंल.”

तरी चाक दगडावर चढलं की पाणी हेंदकळायचं आणि चोची लोखंडाला घासायच्या. कर्र असा बारीक आवाज यायचा. तो आवाज आला की मामी डोळे मिटायची. खाणीवर काहील सगळ्यांनी मिळून उचलली, पाण्यात बसवली आणि तिरकी केली. मासे ओतले नाहीत. त्यांचे ते निघून गेले. काही गेले नाहीत, काहिलीतच राहिले. पण गेलेले जास्त होते. त्यांच्या चोचींची टोकं घासून पांढरी झालेली मला वरूनही दिसली.

दुसऱ्या दिवशी डोहावर इंजिन सुरू झालं. टँकर भरत होता आणि बाया हंडे घेऊन आधीच रांगेत उभ्या होत्या. डोहाचा तळ दिसला तेव्हा सोनामामीने जाऊन आसरांच्या दगडांवर तांब्याभर पाणी घातलं आणि ती रांगेत परत येऊन उभी राहिली.

पावसाळा सुरू व्हायच्या सुमाराला आमचे साहेब नगरहून जीपने आले. वयस्क माणूस, खात्यात केस पांढरे केलेले, तोंडात सुपारी. जीपच्या मागे मोहाच्या पेंडीची पोती. ते खाणीच्या काठावर माझ्या आणि सोनामामीच्या शेजारी उभे राहिले आणि पाण्यात पाहत म्हणाले, “काड्या फार पडल्यात रे.”

“काड्या नाहीत साहेब,” मी म्हणालो.

त्यांनी खडा टाकला. सगळ्या काड्या एकदम वळल्या.

मग मी जे बोललो ते भाषणच होतं. नदी कोणाची, मासा कोणाचा, निरुपयोगी कोण ठरवतो, परवाना नसलेल्या बाईची रेशमावरची कमाई सरकारच्या हिशेबात का दिसत नाही. साहेबांनी ते सुपारी संपेपर्यंत ऐकलं.

“झालं? छापून आण. आता मला सांग, पिल्लं येणार ती तालुक्याने खायची आहेत. लोकांनी वर्षभर रेशनच्या मिलो ज्वारीची भाकरी खाल्ली आहे. तुझ्या या काठ्या ती पिल्लं एका आठवड्यात संपवतील. माणसाच्या तोंडचा घास मोठा की ह्या बाईचं रेशीम?”

प्रश्न खरा होता. पत्रकांत त्याचं उत्तर नव्हतं, कारण पत्रकांत दोन्ही बाजूंना गरीब माणसं नसतात. मी म्हणालो, “दोन्ही ठेवू. पिल्लं कापडात ठेवू.”

पिल्लं थोडा वेळ राखायला आम्ही पाण्यात कापडाची चौकोनी पेटी बांधतो, तिला हापा म्हणतात. चार खुंट्या, चार बाजूंना विरळ विणीचं कापड, खाली तळ. पाणी आत-बाहेर होतं, पिल्लू बाहेर पडत नाही आणि मोठा मासा आत येत नाही. पण पिल्लं बोटाएवढी होईपर्यंत हाप्यात ठेवायची म्हणजे हापा केवढा तरी मोठा हवा. खात्याचं कापड उशीएवढं होतं.

 साहेब सोनामामीकडे वळले. “बाई, जाळं नाही, होडी नाही, परवाना नाही, आणि मासे धरता?”

“व्हय.”

“मग आमचं खातं कशाला आहे?”

“ते तुमी इचारून घ्या,” मामी म्हणाली.

साहेब हसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “कापडाचं तू बघ. पिल्लं मेली तर तुझी बदली मी करणार नाही, तूच मागून घे.” पेंडीची पोती जीपमधून उतरलीच नाहीत. तो माणूस मला त्या दिवसापासून आवडतो. त्याने मला बरोबर म्हटलं नाही आणि चूकही ठरवलं नाही. त्याने जागा दिली.

कापड कुठलं, हे सांगायला नको. गावात मलमलीचं लांबलचक कापड एकाच ठिकाणी होतं, गड्यांच्या डोक्यावर.

“आधी काहील, आता फेटा,” तात्या म्हणाले. “उद्या धोतर मागताल.”

“धोतराची वीन जाड आस्ती तात्या,” गेनूमामा गंभीर तोंडाने म्हणाले.

तात्यांनी दिला म्हटल्यावर बाकीच्यांनी दिले. भोई आळीतल्या बायांनी ते एकमेकांना जोडून शिवले. त्या हंगामात गावातले बरेच गडी उघड्या डोक्याने फिरत होते आणि पाहुण्यांनी सुतक कोणाचं म्हणून विचारलं की फिशरीवाल्यांकडे बोट दाखवत. खाणीच्या मधोमध फेट्यांचा तो तंबू तरंगत राहिला. त्यात पुढे मत्स्यजिरे आले. आत माणसाच्या कामाचे मासे, बाहेर चारी बाजूंना कापडाला चोच लावून उभे असलेले कुत्रे. मी रोज सकाळी जाऊन बघायचो. गरिबांच्या दोन टोळ्यांमध्ये एक फेटा, असं मला वाटायचं.

एकदा एक कुत्रा उडी मारून हाप्यात पडला. लक्षात आलं तेव्हा त्याचं पोट लिंबाएवढं झालेलं होतं. मामीने झुबका टाकला, त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी हाताने धरला. “जेवन झालं, आता हात धुवून घे,” म्हणत तिने तो बाहेर सोडला आणि हाप्यावर बाभळीच्या फांद्या रचल्या.

नदी रेंगाळली, पण आली. गढूळ लोंढा ओसरून डोह निवळला आणि काठाला गवताचे कोंब दिसले, तेव्हा काहील पुन्हा गाडीवर चढली. बोटाएवढी झालेली पिल्लं, म्हणजे बोटुकली, धरणात गेली. काही दगावली होती, पण साहेबांनी बदलीचा विषय काढला नाही. कुत्रे डोहात गेले. ते पाण्यात शिरले आणि दिसेनासे झाले. एवढ्या मोठ्या नदीत ते मूठभर मासे. मला वाटलं, आपण पोरखेळ केला. मामीने काहील चिंचेने घासली, मग राखेने.

आता मागणी. दुसऱ्या डोहांवर कोणी काहील नेली नाही, ही खंत मला आहे. कितीएक डोह सुरुंगाने मेले, आणि डोह काही टँकरने आणता येत नाही. म्हणून नदीकाठच्या वाचकांकडे एवढंच मागतो की डोहात दारू टाकणाऱ्याचा हात धरा आणि काठाचं गवत उपटू नका. संपलं.

नदी परत आल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सोनामामीने झुबका पाण्याला लावला नाही. दुसऱ्या हिवाळ्यात मी गेलो तेव्हा बाया पुन्हा गवताच्या पट्ट्याशी उभ्या होत्या. मामीची काठी वाकली. कुत्रा वर आला, चांगला हातभर. तिने पाण्यातच त्याची चोच बोटांत धरून पाहिली. टोक बोथट, पांढरट. काट्याने रेशीम सोडवून तिने तो सोडून दिला. पुन्हा एक आला, तोही हातभर, तोही बोथट. तोही सोडला.

“असंच चाललंय सकाळपासून,” गेनूमामा खडकावरून म्हणाले. “धरायचं आन सोडायचं. मी म्हनलं न्हवतं, खेळ हाय म्हनून?”

मामीने काठी पुन्हा पुढे केली. झुबका पाण्यावरून सरकत राहिला. पाणी हलकेच फुटलं. या वेळी मासा लहान होता, जेमतेम वीतभर. तिने चोच धरली, टोकावरून अंगठा फिरवला, आणि अंगठा चटकन मागे घेतला. त्याला रक्ताचा ठिपका आला होता. तिने तो मला दाखवला.

“हिला लोखंड लागलेलं न्हाई,” ती म्हणाली आणि मासा टोपलीत टाकला.